सुखदेव पेंटरची चौथी गाठ

सुखदेव पेंटर गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात एका मनगटी घड्याळाचं केसासारखं बारीक स्प्रिंग होतं. भाद्रपदातली झड लागलेली. शेजारचे सायकलवाले गफूरभाई डोक्यावर पोतं घेऊन माझ्या ओट्यापाशी येऊन उभे राहिले. मी वर न पाहताच म्हटलं, "बोला ना, गफूरभाई." ते म्हणाले, "पल्हादभाऊ, पेंटर गेला बाप्पा... पहाटेच गेला." मी स्प्रिंग खाली ठेवलं नाही. ते जागेवर बसवलं, झाकण लावलं, चावी दिली, घड्याळ कानाशी धरलं आणि मग भिंग काढलं. गफूरभाईंना ते विचित्र वाटलं असणार. पण तेवढा वेळ मला हवा होता, कारण घड्याळ खाली ठेवल्यावर मला पेंटरच्या घरी जावं लागणार होतं, आणि नेमकं तेच मी पाच महिने टाळत आलो होतो. ओट्याखाली माझी हातानं चालवायची तीनचाकी गाडी पावसात भिजत उभी होती. तिच्याभोवती पेंटरनं मारलेले चुन्याचे पट्टे झडीनं अर्धेअधिक धुऊन नेले होते.

या पुरवणीच्या वाचकांना सुखदेव पेंटर माहीत असायचं काही कारण नाही. वाशीमच्या लोकांनासुद्धा त्याचं अक्षर माहीत होतं, तो नव्हता. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या भिंती, गेल्या निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या भिंती, सगळं त्याच्याच हातचं. आसेगावच्या एका बौद्ध मजुराचा तो मुलगा. शाळा सातवीत सुटली, पण अक्षर असं की पाटी वाचून झाल्यावरही माणूस जरा रेंगाळायचा. कुणी कौतुक केलं की म्हणायचा, "माह्या बापाले सही येत नव्हती. म्हणून मी साऱ्या गावाचे नावं लिहून राह्यलो." आणि लगेच बिडी मागायचा. बिड्या स्वतः विकत घेतल्याचं मला एकदाही आठवत नाही.

माझंही सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी तीन वर्षांचा असताना ताप आला आणि जाताना दोन्ही पाय घेऊन गेला. उजवा थोडा उरला, पक्कं काही धरायला मिळालं तर क्षणभर उभं राहण्यापुरता. घर माळ्याचं, गावाच्या कडेला मळा. थोरला भाऊ विठ्ठल पहाटे वांगी-मेथीची गाडी बाजारात न्यायचा, त्यात मीही एक. रतनशेठच्या पाच दुकानांच्या रांगेपुढे लांब ओटा होता. शेठच्या दुकानातलं बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ मी चालू करून दिलं, म्हणून त्यांनी ओट्याचा कोपरा मला दिला. विठ्ठल मला सकाळी तिथे उतरवून जायचा आणि दिवेलागणीला येऊन उचलायचा. मधले बारा तास मी त्या कोपऱ्याचा. समोर चहाची टपरी होती, वीस पावलांवर मुतारी होती. दोन्ही दिसायची, जाता एकीकडेही यायचं नाही. मी दिवसभर पाणी पीत नसे. उन्हाळ्यातसुद्धा नाही. लोकांना वाटायचं, घड्याळवाला कामात किती गढलेला असतो! मी गढलेला नव्हतो, अडकलेला होतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढल्या वर्षी अकोल्याला अपंगांना हातानं चालवायच्या तीनचाकी गाड्या वाटल्या, त्यात एक माझ्या वाट्याला आली. छातीशी पायडल, ते हातानं फिरवायचं, साखळीनं पुढचं चाक फिरतं. घरून रतनशेठच्या आवारापर्यंत मी पहिल्यांदा एकटा गेलो त्या दिवशी मी अठ्ठावीस-तीसचा असेन, आणि वाटेत ओळखीच्या प्रत्येकाला उगाच हाक मारली. त्या दिवशी मी मनाशी एक गोष्ट ठरवली : यापुढे कुणाला उचलू द्यायचं नाही. आणि दुसरी तर आधीपासून ठरलेलीच होती, ती म्हणजे लोकांदेखत जमिनीवर यायचं नाही. घरात मी हातांवर सरकतो, ते वेगळं. पण बाहेर, लोकांच्या पायांमधून? मेलो तरी नाही. या दोन शपथांमध्ये माझ्यासाठी किती चिंचोळी वाट उरली होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते आवारात पोचल्यावर. ओट्याच्या पायथ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकली टेकलेल्या. बाजाराच्या दिवशी तर दोन-दोन रांगा, मागे बैलगाड्या. मी गाडी ओट्यापर्यंत नेणार कशी? आवाराच्या मधोमध बसून हाका मारायच्या, "अहो, ही सायकल कोणाची? जरा काढता का?" सायकलवाला आत कापड पाहत असे. मग कुणीतरी कनवाळू येऊन माझं बखोट धरायचा, मी "नको, नको" म्हणेपर्यंत मला पोत्यासारखं उचलून ओट्यावर ठेवायचा आणि पुण्य घेऊन निघून जायचा. गाडी असून मी पुन्हा पोतंच. तिसऱ्या आठवड्यात मी विठ्ठलला म्हणालो, "मी घरीच बसतो. लोकाईले घड्याळं घरी आणू दे." तो म्हणाला, "मळ्यात कोण येईन रे बाप्पा घड्याळ घेऊन?" खरं होतं ते. ओटा सुटला असता तर माझा धंदा सुटला असता, आणि उरलेलं आयुष्य मी मेथीच्या जुड्या बांधत काढलं असतं.

पेंटर तेव्हा शेठच्या पाट्या नव्यानं रंगवत शिडीवर असायचा. वरून त्याला माझा रोजचा तमाशा दिसत होता. एक दिवस खाली उतरला, खिशातून सरळ रेषा मारायची, नीळ लावलेली त्याची दोरी काढली आणि न विचारता माझी गाडी मोजायला लागला. लांबीला एक गाठ मारली, रुंदीला दुसरी. मी म्हटलं, "काय करून राह्यला?" तो म्हणाला, "तुह्या गाडीचं घर बांधून राह्यलो." दुसऱ्या दिवशी ओट्याशी सायकलींच्या रांगेत पांढऱ्या ऑइलपेंटचा एक चौकोन, नाक ओट्याकडे, आणि आत सावली दिलेली अक्षरं : 'घड्याळवाल्याची गाडी'. रेषा अशी की सुताराला लाज वाटावी. मी खरंच हरखलो. त्या दिवशी गाडी त्या चौकोनात घातली, ओट्याच्या दगडाला पुढचं चाक लागलं, आणि रिकाम्या बाजूनं कसाबसा धरत-धरत वर सरकलो. संध्याकाळी आईला सांगितलं की बाजारात माझ्या नावाची जागा आहे. ती म्हणाली, "सातबारा काढून घे मंग."

चौथ्या दिवशी बाजार होता. मी लवकर पोचलो, चौकोनात गाडी घातली आणि उतरण्याआधी कुणाच्या तरी घड्याळाचं एक पुडकं शोधत बसलो, पाच-दहा मिनिटं. तेवढ्यात सायकली आल्या. आपल्याकडचे लोक रेषा पाळत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे यायला हवं होतं. लोकांनी इतकी मन लावून रेषा पाळली की डाव्या रेषेला लागून एक सायकल, उजव्या रेषेला लागून दुसरी, मागच्या रेषेवर तिसरी आडवी, तिच्यामागे बैलगाडी. एकही चाक आत आलं नाही. आणि मी आत, दोन्ही कोपरं सायकलींच्या हँडलांना टेकलेली. डावीकडे उतरता येईना, उजवीकडे येईना. पायडल उलटं फिरवून गाडी मागे नेता येत नाही, आणि मागे बैल रवंथ करत उभे. ओटा हातभर पुढे होता. गिऱ्हाईकं येत, मला ओट्याऐवजी गाडीतच बसलेला पाहून घड्याळ हातात देत, मीही "उद्या या" म्हणत घेत होतो. ऊन डोक्यावर आलं. लघवीची वेळ आली आणि गेली... आता लिहायला काही वाटत नाही. तेव्हा मांडीवर रुमाल पसरून बसलो.

पेंटर दुपारी आला तो गाणं गुणगुणत. "काहून रे पल्हाद, दुकान गाडीतच मांडलं काय?" म्हणून हसला. मग रुमालाकडे त्याचं लक्ष गेलं. हसू तिथेच थांबलं. एकेक सायकल त्यानं स्वतः उचलून बाजूला केली, बैलगाडीवाल्याशी भांडला, मला हात लावला नाही. मी ओट्यावर सरकल्यावर खाली उकिडवा बसला आणि बराच वेळ आपल्या रेषेकडे पाहत राहिला. म्हणाला, "मी गाडी मोजली गा. तुले मोजलंच नाही."

पुढच्या सुटीच्या दिवशी, आवार रिकामं असताना, त्यानं मला बोलावून घेतलं. "उतर," म्हणाला. उतरलो. "चढ." चढलो. "अजून एक डाव उतर." असं किती वेळा केलं असेल! गाडी ओट्याला आडवी लावली तर आधाराला ठेवलेली माझी काठी कुठे टेकते, उजवा पाय कुठे पडतो, ओट्याची कड धरून वळताना कंबर किती जागा घेते, ते सगळं तो जमिनीवर पोट टेकून पाहत होता. मी घामाघूम झालो, चिडलोही. "कायले खेळ लावला?" तर म्हणे, "नवरदेवाचा कोट शिवताना शिंपी काय घोडा मोजते काय?" शेवटी त्यानं दोरीला तिसरी गाठ मारली. गाडी आणि ओटा यांच्यामध्ये त्या तिसऱ्या गाठीएवढी जागा सोडली आणि तिच्यात तिरपे पट्टे ओढले, म्हणजे ती मोकळी आहे म्हणून तिथे कुणी सायकल सारू नये. अक्षरंही बदलली. आता लिहिलं होतं : 'इथे माणूस उतरतो'.

रतनशेठ आले आणि कपाळाला हात लावला. "अरे पेंटर, ही काय रांगोळी काढली? आठ सायकलीची जागा गेली! गिऱ्हाइकानं सायकल काय डोक्यावर ठेवाची?" माणूस वाईट नव्हता, पण आठ सायकली म्हणजे आठ गिऱ्हाईकं, आणि माझ्या कोपऱ्यासाठी एक पानवाला त्यांच्या मागे लागलेला होता हे मला माहीत होतं. मी मान खाली घालून होतो. पेंटर शांतपणे म्हणाला, "शेठ, पुसाचं असन त पुसून देतो. पण तुमचं नावबी मीच लिहिलं. पुसाले बसलो म्हणजे वरून सुरू करीन." शेठ आधी लाल झाले, मग पाटीकडे पाहिलं, मग हसले. ठरलं ते असं : ऑइलपेंट नाही, चुना. पावसाबरोबर जाईल. "पुढच्या वर्षी पाहू," शेठ म्हणाले.

ते 'पुढच्या वर्षी पाहू' पुढे दरवर्षी ऐकलं. आषाढापासून पट्टे फिकट व्हायला लागत, सायकली वीत-वीत आत सरकत, आणि श्रावण-भाद्रपदात मी पुन्हा आवाराच्या मधोमध हाका मारत बसलेला. दसऱ्याआधी पेंटर चुन्याची बादली घेऊन यायचा. शेठ कपाळाला हात लावायचे. मी दरवर्षी घाबरायचो की या खेपेला नाही म्हणतील. एका माणसाच्या बादलीवर आणि दुसऱ्याच्या मर्जीवर आपलं उतरणं अवलंबून आहे, हे चुना वाळेपर्यंत विसरता येत नसे. चुना वाळला की पेंटर ओट्यावर माझ्या शेजारी बसून माझी बिडी ओढायचा. तासन्‌तास बोलायचा. मी त्याच्या घरी कधी गेलो नव्हतो, त्याची गरजच पडली नाही. नेहमी तोच यायचा.

यंदा होळीनंतर तो एका उंच भिंतीवरून शिडीसकट पडला. कंबरेखालचं सगळं गेलं. अकोल्याहून परत आणला तो खाटेवरच. मी ऐकलं त्याच दिवशी गाडी घेऊन त्याच्या वस्तीत गेलो. त्याची गल्ली तोंडाशीच एका उघड्या नालीनं कापलेली. माणसं टांग टाकून जातात. माझं चाक जात नव्हतं. नालीपासून त्याचं दार वीस पावलं. कमलवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, खिडकी उघडली. तो आतून ओरडला, "आला काय रे? ये ना!" मी ओरडलो, "नाली हाय मधात." वहिनींचा भाऊ पुढे आला, म्हणाला, "भाऊ, उचलून नेतो ना." मी म्हटलं, नको.

पाच महिने मी दर आठवड्याला त्या नालीपर्यंत गेलो. वीस पावलांवरून आम्ही ओरडून गप्पा मारल्या. त्यातली निम्मी उत्तरं शेजारणीच देत. त्याचा आवाज हळूहळू खोल गेला, मग वहिनी मधे उभ्या राहून त्याचं मला आणि माझं त्याला सांगायला लागल्या. एकदा वहिनींनी त्याचा निरोप सांगितला, "म्हणतात, आता मले समजलं तू दिवसभर पाणी काहून पेत नव्हता." मी लोकांना सांगत होतो, नालीनं अडवलं. विठ्ठललाही तेच सांगितलं. आज या कागदावर लिहितो की नालीनं मला अडवलं नव्हतं. गाडीतून खाली उतरून, हातांवर सरकत, मी त्या खिडकीपर्यंत कधीही जाऊ शकलो असतो. गल्लीत बायका होत्या, पाण्याला येणारी-जाणारी माणसं होती, आणि माझी शपथ होती.

बातमी आली त्या दिवशी मी झडीत भिजत नालीशी पोचलो. गल्ली माणसांनी भरलेली. कुणी तरी म्हणालं, घड्याळवाले आले, यांना धरा. मी हात वर करून त्यांना थांबवलं. गाडीचं चाक विटेनं अडवलं, खाली उतरलो आणि चिखलात हात टेकले. नाली मी पोटावर ओलांडली. माणसं दोन्हीकडे सरकली. कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही, निदान मला ऐकू आलं नाही. मी घड्याळवाला आहे, वेळ मोजायची खोड जात नाही. नालीपासून खाटेपर्यंत मला चार मिनिटं लागली. पाच महिने, आणि चार मिनिटं... त्याचा चेहरा जमिनीवरून मला नीट दिसत होता, कारण खाट बुटकी होती. दाढी वाढलेली, बोटांच्या नखांत अजून निळीचा रंग. मी त्याचा हात धरला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, काल आले असते त बोलले असते तुमच्याशी." त्यांनी ते टोचून म्हटलं नाही. म्हणूनच ते अजून जात नाही.

जलदानाच्या कार्यक्रमानंतर वहिनींनी माझ्याकडे त्याची दोरी पाठवली. निळीनं काळपट झालेली. मी गाठी मोजल्या : गाडीची लांबी, गाडीची रुंदी, उतरायची जागा. आणि त्यापुढे एक चौथी गाठ, नवी, घट्ट. मला ती कशाची ते कळेना. वहिनी बाजाराला आल्या तेव्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "ते नालीचं माप हाय. राखीपुनवेच्या आधी मले म्हणे, दोरी घे अन् नाली मोजून आण. म्हणे फरशी टाकून घेऊ, म्हणजे पल्हादची गाडी दारापर्यंत येईन. तो उतराचा नाही कोणासमोर, मले माहीत हाय." वहिनी भाजीची पिशवी उचलून गेल्या. मी भिंग डोळ्याला लावून बसलो, हातात घड्याळ नसताना.

दसऱ्याआधी चुना मीच मारला. बादली गफूरभाईंनी आणून दिली. मी आवाराच्या मधोमध जमिनीवर बसलो, भर दुपारी, सायकलींच्या आणि लोकांच्या पायांमध्ये, आणि पेंटरच्या दोरीनं तीन मापं घेतली. माझ्या रेषा वाकड्या आल्या. अक्षरं तर विचारू नका. रतनशेठ दुकानातून बाहेर आले, मी कपाळावरच्या हाताची वाट पाहिली. ते माझ्या वाकड्या रेषांपाशी आले आणि म्हणाले, "ऑइलपेंट आण रे. चुना किती दिवस मारशीन?"

गेल्या आठवड्यात वहिनींच्या भावानं नालीवर फरशी टाकली, चौथ्या गाठीच्या मापानं. निरोप आला तसा मी गेलो. चाक एकदाही अडकलं नाही, गाडी सरळ दारापर्यंत गेली. दार उघडं होतं. मी दाराशी गाडी लावली, चौकट धरून उतरलो आणि आत सरकलो. वहिनींनी चहा ठेवला. खाट काढून टाकली होती. खोलीत उतरायला, बसायला, पाय पसरायला, सगळ्याला जागा होती.